पेढे वाटायचे की एकटीनेच खायचे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती, म्हणजे खाण्यालाच बक्षीस किंवा समजूत मानण्याच्या सवयीभोवती, फिरणारी आहेत, म्हणून ती एकत्र घेत आहे. लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आदरणीय ताई, मी ४३ वर्षांची असून नाशिकच्या मेन रोड परिसरातील एका पतसंस्थेत रोखपाल आहे. सायंकाळी रोकड जुळवून तिजोरी बंद होईपर्यंत साडेसहा वाजतात. घरी निघताना वाटेतल्या दुकानातून मी रोज शंभर-दीडशे ग्रॅम जिलेबी घेते. इंदिरानगरला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडीवर बसूनच ती संपवते, बाटलीतल्या पाण्याने हात धुते, तेलकट कागद डिकीत ठेवते आणि मग वर जाते. सासूबाई, यजमान, मुले यांच्यापैकी कोणालाही हे ठाऊक नाही. रोकड जुळली नाही तर जिलेबी समजूत काढते आणि जुळली तर ती बक्षीस असते. म्हणजे न खाण्याचा दिवस उरतच नाही. दोन वर्षांत वजन नऊ किलोने वाढले आहे. वर्षभरात तीन वेळा गोड पूर्णपणे सोडून पाहिले. सर्वांत जास्त टिकले ते अकरा दिवस, आणि नंतर पूर्वीपेक्षाही जास्त खाल्ले गेले. माझ्यात मनोनिग्रहच नाही, असे समजायचे का?

उत्तर : जी बाई वर्षानुवर्षे दुसऱ्यांचे पैसे रोज सायंकाळी रुपयापर्यंत जुळवून मगच उठते, तिच्यात मनोनिग्रह नाही हे मला मान्य नाही. माझ्या मते अडचण नेमकी उलट आहे. दिवसभर निग्रहच निग्रह चालू असतो आणि त्याचा मोबदला म्हणून हाती पडणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे कागदातली जिलेबी. ती एकच असल्यामुळे तिच्यावर इतका भार पडला आहे.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मी दोनदा वाचले. तुम्ही जिलेबी दुकानासमोर उभे राहून खात नाही, घरी नेऊन ताटलीतही खात नाही. पार्किंगमध्ये, गाडीवर बसून, एकटीने खाता. काउंटरवरची रांग संपलेली आहे आणि घरातला स्वयंपाक, सासूबाईंच्या गोळ्या, मुलांचा अभ्यास अजून सुरू व्हायचा आहे. चोवीस तासांत कोणी हाक मारणार नाही अशी तुमची हीच दहा मिनिटे असावीत, असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर बक्षीस ती दहा मिनिटे आहेत आणि जिलेबी ही त्या मिनिटांत बसण्यासाठी काढलेले तिकीट आहे. तुम्ही तीन वेळा गोड सोडले, तेव्हा ती दहा मिनिटेही सोडली होती का, हे आठवून पाहा. जिलेबी नाही म्हणून थेट वर गेला असाल, तर अकरा दिवस टिकले हेच पुष्कळ झाले.

आता शरीराच्या बाजूने पाहू. मेंदूत डोपामिन नावाचे रसायन असते. सुख मिळाले की ते स्रवते, एवढेच आपण ऐकलेले असते, पण खरी गंमत पुढे आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूवैज्ञानिकाने माकडांवर केलेल्या आणि १९९० च्या दशकात गाजलेल्या प्रयोगांमध्ये असे दिसले, की फळाच्या रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला की डोपामिनच्या पेशी उत्तेजित होतात. मात्र रसाआधी दर वेळी दिवा लागतो हे माकडाला एकदा कळले, की त्या पेशी रसाला नव्हे तर दिव्याला प्रतिसाद देऊ लागतात. तुमच्या बाबतीत हा दिवा बहुधा तिजोरीला किल्ली लागते त्या क्षणीच पेटत असावा. दुकान दिसेपर्यंत निर्णय जवळजवळ झालेला असतो, आणि म्हणून ‘आज दुकानापाशी थांबायचे नाही’ हा निश्चय दुकानापाशी उभे राहून करण्यात अर्थ नसतो.

शिवाय तुम्हाला त्या वेळी खरोखरच भूक लागलेली असण्याची शक्यता मोठी आहे. दुपारचा डबा एक-दीडला आणि रात्रीचे जेवण नऊला, असाच नोकरदार घरांचा क्रम असतो. मध्ये बहुधा दोन चहा होतात. साडेसहाला पोट रिकामे, डोके शिणलेले आणि समोर कढईतून निघालेली जिलेबी, अशा वेळी कोणाचाही निभाव लागणे कठीण आहे. भूक पोटाची की मनाची हे ओळखण्याची एक साधी रीत आहे. आत्ता कोणी समोर भाकरी आणि मेथीची भाजी ठेवली तर मी खाईन का, असे स्वतःला विचारावे. ‘हो’ असे उत्तर आले तर ती पोटाची भूक आहे आणि तिला खायला द्यावे. ‘नाही, जिलेबीच हवी’ असे आले तर मागणी दुसऱ्या कशाची तरी आहे.

पहिले दोन आठवडे काहीही सोडू नका. जिलेबी खा, पण खाण्याआधी एका वहीत तीन गोष्टी लिहा : किती वाजले, भूक किती आहे, आणि हे कशाबद्दल आहे. वही तुमच्या हाताखालची आहे, त्यामुळे हे काम तुम्हाला जड जाणार नाही. तिसऱ्या रकान्यात ‘रोकड जुळली’ असे लिहिले जाईल, कधी ‘साहेब सगळ्यांसमोर बोलले’, कधी ‘काही नाही, सवय’. दोन आठवड्यांनी तो रकाना वरून खाली वाचला की निरनिराळ्या देण्यांपोटी एकाच नाण्यात पैसे चुकते होत असल्याचे दिसेल. अपमान झाला असेल तर तो कोणाला तरी सांगायला हवा असतो, कंटाळा असेल तर बदल हवा असतो, थकवा असेल तर टेकायला जागा हवी असते. जिलेबी यांपैकी एकही हिशेब मिटवत नाही, फक्त उद्यावर ढकलते.

तिसऱ्या आठवड्यापासून दोन बदल करा. पाच वाजता, म्हणजे तिजोरीच्या बऱ्याच आधी, मूठभर फुटाणे-शेंगदाणे किंवा एखादा पेरू खा. हंगामात आपल्याकडे द्राक्षांना तोटा नसतो. दुसरा बदल जास्त महत्त्वाचा आहे. ती दहा मिनिटे पार्किंगमधून बाहेर काढा आणि उघडपणे घ्या. घरी स्पष्ट सांगा, की उद्यापासून मी सातऐवजी सव्वासातला वर येईन, कारण मी जॉगिंग ट्रॅकवर एक फेरी मारणार आहे, किंवा नुसतीच बाकावर बसणार आहे. यावर घरातून कारण विचारले जाईल, आणि ‘मला हवे आहे’ हे उत्तर पहिले काही दिवस तोंडातून निघणार नाही, याची मला कल्पना आहे. चोरून खाल्लेल्या जिलेबीपेक्षा उघडपणे मागितलेली पंधरा मिनिटे बाईला अवघड वाटतात. तरीही मागा. थोडा वेळ झपझप चालल्याने गोडाची तीव्र इच्छा ओसरते, असे चॉकलेटच्या बाबतीत केलेल्या प्रयोगांतही आढळले आहे, तेव्हा फेरी मारणे बसण्यापेक्षा थोडे सरस ठरेल.

हा बेत ‘अमुक झाले की तमुक करीन’ अशा शब्दांत ठरवा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडले होते, की नुसत्या ‘मी कमी खाईन’ या संकल्पापेक्षा वेळ आणि जागा बांधून केलेला संकल्प अधिक पाळला जातो. ‘तिजोरीची किल्ली पर्समध्ये टाकली की मी गाडी दुसऱ्या रस्त्याने काढीन’, एवढे एकच वाक्य पुरे आहे. द्वारका चौकाच्या गर्दीत पाच मिनिटे जास्त गेली तरी चालतील.

तुम्ही दर वेळी ‘पूर्ण’ सोडता, यावर माझा आक्षेप आहे. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही. १९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या संशोधकांनी एक प्रयोग केला. त्यात खाण्यावर सतत बंधन घालणाऱ्या व्यक्तींना आधी मिल्कशेक दिले आणि नंतर आइस्क्रीम हवे तेवढे खायला सांगितले. त्यांनी मिल्कशेक न घेतलेल्यांपेक्षा जास्त आइस्क्रीम खाल्ले. ‘उपास मोडलाच आहे, तर मग कशाला मागे राहायचे’, हा विचार जगात सगळीकडे सारखाच दिसतो. म्हणून उपासच नको. रविवारी सकाळी पाव किलो जिलेबी घरी आणा, ताटलीत वाढा, सगळ्यांबरोबर बसून खा. मला खटकते ती तुमच्या जिलेबीतली साखर नव्हे, तिच्यातला एकांत आणि लपवाछपवी खटकते.

आपल्याकडे मुलगा पास झाला, नोकरी लागली, घर घेतले, की पेढे वाटतात. ज्याला यश मिळाले तो वाटतो आणि खातात इतर लोक; त्याच्या स्वतःच्या वाट्याला फार तर देवापुढचा एक पेढा येतो. आनंद खाऊन साजरा करण्याची पद्धत आपल्याला नवी नाही, पण त्यात समोर दुसरे माणूस असायचे. ते ‘अरे वा’ म्हणायचे, आणि पोट भरायचे ते त्या ‘अरे वा’ने. रोकड जुळल्याचे तुमचे कौतुक शेवटचे कोणी केले होते? पतसंस्थेत ते गृहीत धरलेले असते आणि घरी कोणाला त्यातले कळत नाही. म्हणून मी सुचवते, की निदान यजमानांना तरी पार्किंगची गोष्ट सांगा. तेलकट कागदाचे गुपित बाहेर पडले, की जिलेबीची निम्मी ओढ गळून पडते, असे मी माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये पुष्कळदा पाहिले आहे.

मीही यातून सुटलेली नव्हते, हे सांगायला हरकत नाही. समुपदेशनाकडे वळण्यापूर्वी मी शिक्षिका होते आणि उत्तरपत्रिका तपासताना दर दहा पेपरांमागे एक मूठ चिवडा, असा माझा दर ठरलेला होता. नाशिकच्या चिवड्याला नावे ठेवण्याची माझी प्राज्ञा नाही, पण गठ्ठा संपेपर्यंत डबाही संपलेला असे आणि कोणत्याही मुठीची चव आठवत नसे. सुटका झाली ती दर दहा पेपरांमागे उठून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला लागले तेव्हा. ती झाडे त्या मोसमात जास्त पाण्याने कुजली, ही गोष्ट वेगळी.

कुंड्यांचे हे उदाहरण एवढ्यासाठी, की पर्यायी बक्षीस आपल्या घरात बसणारे असावे. सुगंधी मेणबत्त्या लावून अर्धा तास टबमध्ये पडून राहा, असे सल्ले वाचले की मला हसू येते. आपल्याकडे न्हाणीघराच्या दाराबाहेर तीन जण आपापला नंबर लावून उभे असतात.

किती दिवसांत जमेल, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी मनात असेलच. एकवीस दिवसांत सवय लागते, असे ठामपणे सांगितले जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ व्यक्तींवर केलेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडण्याचा काळ साधारण ६६ दिवस आणि व्यक्तीगणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत, असा निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यात दिसले. तेव्हा बाराव्या दिवशी जिलेबी खाल्ली गेली तर वहीत एक ओळ लिहा आणि तेराव्या दिवशी पाचचे फुटाणे खा. रोकड एक दिवस जुळली नाही म्हणून तुम्ही पतसंस्था बंद करत नाही.

वजन दोन वर्षांत नऊ किलो वाढले आहे, म्हणून एकदा डॉक्टरांकडून थायरॉइड आणि एचबीए१सी (रक्तातील साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी) या तपासण्या करून घ्या. हे वेगळे काम आहे, त्याला सवयीशी जोडून स्वतःला घाबरवू नका.

प्रश्न : माझे वय ६८ असून मी पंचवटीत राहतो. सहा वर्षांच्या नातवाने पाढा बिनचूक म्हटला की मी त्याला चॉकलेट देतो, भाजी संपवली की आइस्क्रीम देतो. सूनबाईंनी यास मनाई केली आहे. आम्ही आमच्या मुलांना असेच वाढवले. त्यांचे काय वाईट झाले?

उत्तर : काका, आपल्या मुलांचे काही वाईट झाले नाही हे मी मान्य करते, परंतु या प्रकरणात माझे मत सूनबाईंच्या बाजूने आहे. लीॲन बर्च या अमेरिकी संशोधिकेने १९८० मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांबरोबर केलेल्या प्रयोगात, जो खाऊ बक्षीस म्हणून दिला गेला तो मुलांना आधीपेक्षा जास्त आवडू लागला. पुढच्या काळात तिने उलट बाजूही तपासली, तेव्हा ‘हे संपव, मग ते मिळेल’ असे म्हटल्यावर जे संपवायचे असते तेच मुलांना कमी आवडू लागते, असे दिसले. म्हणजे आपण आइस्क्रीम देऊन भाजीची गोडी लावत नसून, भाजी ही सोसण्याची वस्तू आहे असे नातवाला शिकवत आहात.

आजोबांनी खाऊ देऊच नये, असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर आजोबा कशाला हवेत? खाऊ द्या, मात्र त्याला अट जोडू नका. शनिवारी चॉकलेट मिळते, कारण शनिवार आहे. पाढा आला की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही. पाढ्याचे बक्षीस वेगळे असू द्या. आपण पंचवटीत राहता, गोदाघाट पायाखालचा आहे. सतराचा पाढा आला की सायंकाळी आजोबांचे बोट धरून रामकुंडापर्यंत जायचे आणि आरती पाहून परत यायचे, हे कोणत्याही सहा वर्षांच्या मुलाला पुरेल. आणखी एक विनंती अशी, की तो पडला, रडला किंवा इंजेक्शन घेऊन आला, की लगेच तोंडात गोड गोळी देऊ नका. आधी जवळ घ्या, कुठे दुखते ते विचारा आणि त्याला पुरते रडू द्या.

प्रश्न : मी २७ वर्षांचा आहे. अंबड औद्योगिक वसाहतीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्राचा) ऑपरेटर असून आठवड्याला शिफ्ट बदलते. गाव कळवण तालुक्यात. इथे खोली करून एकटाच राहतो. रात्रपाळी संपली की आम्ही चौघे मित्र मिसळ खायला जातो. तिखट रस्सा, जादा पाव, वर दही आणि पापड, हे आमचे बक्षीस. पण सुट्टीच्या दिवशी मी खोलीवर जेवण मागवतो आणि पोट दुखेपर्यंत खात राहतो. थांबायचे ठरवूनही थांबता येत नाही. चार महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा असे होते. दुसऱ्या दिवशी लाजेने उपाशी राहतो. मिसळ बंद करू का?

उत्तर : मिसळ बंद करू नकोस. तुझ्या पत्रात चार माणसे एकत्र बसून जेवतात अशी ती एकच जागा आहे, आणि गावापासून लांब राहणाऱ्याला ती मोडून चालणार नाही. जादा पाव एकावर आण, रश्शाबरोबर मटकी जास्त मागून घे, एवढे पुरे.

रात्रपाळीत भूक जास्त का लागते, याचे एक कारण झोपेत आहे. २००४ मध्ये शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी बारा निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. दहा तास झोपण्याची मुभा असलेल्या रात्रींच्या तुलनेत त्यांच्या शरीरात पोट भरल्याची खूण देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी झाले आणि भूक लावणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले; ओढही गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांकडे जास्त होती. म्हणून खिडकीला जाड पडदा लावून दिवसा सलग झोप मिळवणे, हा तुझ्या आहाराचाच भाग समज.

सुट्टीच्या दिवसाचे मात्र तसे नाही. थांबवता न येणे, एकट्याने लपून खाणे, पोट दुखेपर्यंत खाणे आणि नंतर लाज वाटून उपाशी राहणे, हे आठवड्यातून किमान एकदा आणि तीन महिने होत असेल, तर डॉक्टर त्याकडे सवय म्हणून नव्हे तर उपचार करण्याजोगा आजार म्हणून पाहतात. तुझे चार महिने झाले आहेत. त्याला नाव काय द्यायचे ते मनोविकारतज्ज्ञ ठरवतील, आणि यावर बोलण्याच्या उपचारांचा चांगला उपयोग होतो. दुसऱ्या दिवशीचा उपास आजपासून थांबव, कारण पुढच्या वेळची भूक तोच तयार करतो. खर्चाची किंवा ओळखीच्या माणसांची भीती वाटत असेल तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा विनामूल्य क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येते; किंवा जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची चौकशी कर. जाताना गेल्या महिन्याच्या शिफ्टचे वेळापत्रक आणि झोपेचे तास कागदावर लिहून ने. रक्ततपासणीसाठी मुद्दाम उपाशी बोलावले नसेल, तर खोलीवरून निघण्यापूर्वी दोन पोळ्या खाऊन निघ.